दहा वर्षांची गॅरंटी

घरात नवीन वस्तू आली की रेगेकाका ती आधी उलटी करत. बादली असो, खुर्ची असो, नाहीतर पाहुण्यांनी आणलेला कपबशांचा सेट असो. वरून ती कशी दिसते याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. तळ बघायचा, जोडावर नख फिरवायचं आणि मग निकाल द्यायचा. आम्ही करंजाड्याला त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी त्यांनी आमचं कपडे वाळत घालायचं स्टँड जिन्यातच उलटं केलं आणि म्हणाले, "हे काही दिवाळी बघत नाही." दसऱ्यालाच त्याचा पाय निखळला. मला राग आला तो मात्र काकांचा.

न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे त्यांची सगळी नोकरी गेली. कंटेनर उघडला की आतला माल तपासायचा, हे काम. खोकी फोडून फोडून स्वस्त वस्तूंवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. "परवडत नाही ना? मग थांबायचं. मधलं काही घ्यायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी दर पावसाळ्यात नवी छत्री घेई; काकांची एकच काळी छत्री मी पहिल्यापासून बघत आले. वस्तू दुसऱ्यांदा घ्यावी लागत नसे, म्हणून शिल्लक पडे, आणि त्या शिलकीतूनच त्यांचा फ्लॅट झाला. काका बरोबर होते, त्यात वाद नाही.

पण थांबायचं कोणी, तर शैलाकाकूंनी. मनासारखा मिक्सर परवडेपर्यंत त्या बाईने कित्येक वर्षं पाट्यावर वाटण वाटलं. कोकणातलं घर, रोजच्या आमटीला ओलं खोबरं हवंच. तो मिक्सर अजून चालतो. काकू मला हसत सांगायच्या, "यांच्या वस्तू टिकतात गो. वाट बघणारं माणूस तेवढं टिकायला हवं." काकाही हसायचे. मूलबाळ नव्हतं, त्या भक्कम सामानात दोघांचं बरं चाललं होतं.

मग काकूंना पक्षाघात झाला. त्या अंथरुणाला खिळल्या आणि पडून पडून पाठीला जखमा व्हायला लागल्या. डॉक्टरांनी कळ दाबून वरखाली होणारी कॉट आणि हवेची गादी आणायला सांगितली. पनवेलला अशा कॉट भाड्याने मिळतात, त्याच संध्याकाळी घरपोच. मी काकांना घेऊन गेले. त्यांनी दुकानातच गुडघे टेकले, कॉटखाली डोकं घातलं आणि उठून म्हणाले, "वेल्डिंग गंजलंय. मोटर थरथरते." घरी येऊन त्यांनी चांगल्या कंपनीची नवी कोरी कॉट मागवली. ती यायला पंधरा-वीस दिवस लागणार होते.

मी भांडले. चक्क जिन्यात उभी राहून भांडले. तोपर्यंत तरी भाड्याची आणा, काकू कण्हतात ते आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू येतं, असं सगळं बोलून टाकलं. काका ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "वर्षा, तो दुकानवाला महिन्याच्या बोलीवर देतो. काय म्हणाला ऐकलंस ना? पेशंट गेला की फोन करा, लगेच गाडी पाठवतो. ह्या कॉटला दहा वर्षांची गॅरंटी आहे. मी शैलाला दहा वर्षांचीच आणणार."



कॉट येईपर्यंत काका गजर लावून उठत आणि काकूंना स्वतःच्या हातांनी कुशीवर वळवत. जखमा चिघळतच गेल्या. कॉट आली ती खरोखर उत्तम होती. तेवढी एक वस्तू काकांनी उलटीसुलटी करून बघितली नाही. काकू तिच्यावर जेमतेम आठवडाभर झोपल्या. जखमांचं विष तोवर रक्तात गेलं होतं.

काकांनी कॉट विकली नाही, कोणाला दिलीही नाही. तिच्यावर धुतलेली चादर घालत आणि स्वतः शेजारी सतरंजीवर झोपत. मला ते बघवत नसे.

पुढे पुतण्या त्यांना कुडाळला घेऊन गेला. त्याच्या थोडं आधी कंपनीचा माणूस कॉटच्या सर्व्हिसिंगला आला होता. गॅरंटीत ते फुकट असतं. काकांनी मला हाक मारून बोलावलं. त्या माणसाने कळ दाबली. डोक्याकडची बाजू अलगद वर आली, कोणाला तरी चहासाठी उठवून बसवावं तशी. काका सवयीने वाकले, खालून बघितलं आणि म्हणाले, "आवाज नाही अजिबात."

"एकदम नव्यासारखी आहे, काका," तो म्हणाला. "गॅरंटीचं सोडा, वीस वर्षं बघायला नको."

हे वाक्य ऐकायला काका जन्मभर दुकानं पालथी घालत आले होते. ते कॉटचा कठडा धरून उभे राहिले. तो माणूस हत्यारं आवरून गेला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वर्षा, एवढ्या वर्षांचं मी काय करू गं?"