रँडम नंबरचं टेबल

पुंडलिकनगरच्या बागेत संध्याकाळी आम्ही चार रिटायर्ड माणसं बसतो. एक एसटीतला, एक बँकेतला, एक पाटबंधारे खात्यातला आणि मी. त्यांच्या गोष्टी रंगतात. माझी पाळी आली की म्हणतात, "सर, तुमचं राहू द्या. तुमचं गणिताचं असंल." गणिताचं नाही, संख्याशास्त्राचं, हे सांगायचाही आता कंटाळा येतो. पण किस्से काय, माळ्यावर सामान साठतं तसे साठतात. कुणी मुद्दाम ठेवत नाही आणि टाकायला कुणाला सवड नसते.

माझा विषय यादृच्छिक प्रक्रिया. म्हणजे काय, तर पुढं काय होईल हे ज्यांचं ठरलेलं नसतं अशा गोष्टींचा अभ्यास. बाजारातले भाव, पाण्यात तरंगणारे कण, रांगेत येणारी माणसं. नवा नवा विद्यापीठात लागलो तेव्हा मुकुंदवाडीला भाड्यानं राहायचो. घरमालक पाटलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, तुमी शिकवता काय?"

"पुढं काय होईल ते सांगता येत नाही, अशा गोष्टी."

पाटलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "आन् त्याचा पगार मिळतो व्हय?"

* * *

त्या काळी आमच्याकडं कॉम्प्युटर नव्हता. नमुना निवडायचा तर रँडम नंबरांचे तक्ते लागत. छापील पुस्तक असतं, पानंच्या पानं नुसते आकडे. आमच्याकडं तेही नव्हतं. मी भांडार विभागाकडं मागणी केली : 'रँडम नंबर टेबल, नग एक.'

बरेच महिने गेले. मी विसरूनही गेलो. एक दिवस दोन हमाल घाम पुसत विभागात आले आणि एक लाकडी टेबल माझ्या खोलीत ठेवून गेले. चांगलं शिसवी टेबल! पाठोपाठ भांडारपाल सही घ्यायला आले.

"हे कशाला?" मी म्हणालो.

"तुमीच तर मागितलं की सर." त्यांनी टेबलाच्या पायावर पांढऱ्या रंगानं टाकलेला आकडा दाखवला. "नंबर बी रँडमच टाकलाय. रजिस्टरशी जुळत नाय, बगा!"

रिटायर होईपर्यंत त्याच टेबलावर बसलो.

* * *

आमचे विभागप्रमुख, पोरांच्या भाषेत 'हेड', म्हणजे गोसावी सर. माणूस विद्वान, पण सगळा जन्म कमिट्यांत गेला. एक संपली की दुसरी. विभागात त्यांचं दर्शन दुर्मीळ.

एकदा तोंडी परीक्षेला पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले. त्या दिवशी मात्र गोसावी सर इस्त्रीचा सफारी घालून शेजारी बसले होते. परीक्षकांनी पैठणकडच्या एका घाबरलेल्या पोराला धीर यावा म्हणून सोपा प्रश्न विचारला, "बरं, हेड येण्याची शक्यता किती?"

नाण्याचं नावच घेतलं नाही त्यांनी. तिथंच घोळ झाला.

पोरानं गोसावी सरांकडं चोरून बघितलं आणि म्हणालं, "आज तुमी आलात म्हणून आलेत सर. एरवी लई कमी."

गोसावी सरांनीच त्याला जास्त मार्क द्यायला लावले. म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. नाणं खोटं आहे हे त्यानं ओळखलं."

* * *

चिकलठाण्याला तेव्हा कारखान्यावर कारखाने उठत होते. जालना रोडला रोज नवी भिंत, नवं गेट. एका सुट्या भागांच्या कारखान्यातून मला बोलावणं आलं. मोठ्या कंपनीला माल जाणार होता, तिथल्या लोकांनी तपासणीचा अहवाल मागितला होता.

मी सुपरवायझरला सांगितलं, "प्रत्येक पेटीतून रँडम नग काढायचे."

तो म्हणाला, "रोज तेच करतो सर. डोळे झाकून वरचे उचलतो."

"वरचे नाही. खालचे, मधले, कुठलेही."

तो मॅनेजरकडं बघायला लागला. मॅनेजर साहेबांनी मला बाजूला घेतलं, चहा मागवला आणि अगदी आर्जवानं म्हणाले, "सर, तुमच्या शास्त्राला आमचा विरोध नाही. रँडमच घ्या. फक्त चांगले चांगले घ्या!"

* * *

सय्यद सर माझे शेजारच्या खोलीतले सहकारी. शेअरच्या भावांची चढउतार ही यादृच्छिक प्रक्रिया कशी, यावर त्यांचा प्रबंध होता. आमच्यात बाहेरदेशी लेख छापून आलेला हा एकटा माणूस. शेअर बाजाराचं वेड शहरात शिरलं तेव्हा त्यांच्या दारात गर्दी व्हायला लागली. प्राध्यापक, कारकून, एकदा तर कुणाचा तरी व्याही जालन्याहून आला.

सय्यद सर हात जोडून सगळ्यांना एकच सांगायचे, "उद्या भाव वर जाईल किंवा खाली जाईल. याच्यापलीकडं सांगता येत नाही, हेच मी सिद्ध केलंय."

अकाउंट्सचे जोशी वैतागले. "अहो, एवढं तर मलाही माहीत होतं!"

सय्यद सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "हौ जोशीसाब, तुमकू मालूम था. मेरेकू साबित करना पडा. जवानी गई उसमें."

* * *

दारुड्याची चाल हा आमच्या विषयातला पहिला धडा. दारुडा रस्त्यात उभा आहे. एक पाऊल पुढं टाकेल किंवा मागं, त्याचं त्याला माहीत नाही. तो घरी पोचेल का? जगभर हा धडा असाच शिकवतात आणि जगभर पोरं हसतात.

मीही फळ्यावर रेघ ओढली, घर काढलं. सांगितलं, "पोचतो. सरळ एकच रस्ता असेल तर शंभर टक्के पोचतो. पण गंमत अशी, की लागणाऱ्या वेळाची सरासरी काढली तर ती अनंत येते. म्हणजे पोचणार नक्की, पण वाट बघणाऱ्यानं किती बघायची याला हिशेब नाही."

वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. वहीत लिहितच म्हणाली, "हे आमच्या आईला माहितीये, सर."

दुसऱ्या वर्षापासून मी दारुडा सोडला. बैल घेतला.

* * *

आता नामांतराचं. विद्यापीठाचं नाव बदलण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यांत दलितांच्या वस्त्या जळाल्या. वर्ग बंद, परीक्षा पुढं, होस्टेल रिकामं करा असा हुकूम. माझ्या वर्गात भास्कर होता, त्याच्या वस्तीत घरं शिल्लक नव्हती. आईबाप नातेवाइकांकडं कुठंतरी. होस्टेल सोडून तो जाणार कुठं?

त्याचा खोलीतला जोडीदार कोंडिबा, धनगराचा. त्यानं भास्करची ट्रंक उचलली आणि त्याला घेऊन थेट बापाच्या मेंढरांत गेला. बाप तेव्हा रानात मेंढरं बसवून होता. तिथं भास्कर राहिला. एक दिवस गावातली चार माणसं आली, हातात काठ्या. "हा पोरगा कुणाचा?"

कोंडिबाचा बाप घोंगडीवर बसला होता. उठला नाही. म्हणाला, "माज्या लेकराला गणित शिकवतंय. लेकरू नापास झालं तर तुमच्या दारात आनून बसवीन. चालंल?"

माणसं गेली.

वर्ग सुरू झाले तेव्हा दोघं परत आले. अंगाला मेंढरांचा वास. मी सवयीनं पुढचा भाग काढला. सांगितलं, "या प्रकारच्या प्रक्रियेला मागचं काही आठवत नाही. आत्ता तुम्ही कुठं उभे आहात, एवढ्यावरच पुढचं ठरतं. कुठून आलात, याला अर्थ नाही."

भास्कर उभा राहिला. आवाज अजिबात चढवला नाही त्यानं. "सर, हे एकदा आमच्या गावात येऊन सांगता का?"



* * *

शेवटचा सुमन साळवेचा. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. विषय होता रांगांमधला प्रतीक्षाकाल. काम उत्तम. प्रबंध टाइप करून, बांधून तयार. मी म्हणालो, "उद्या सबमिट कर."

म्हणाली, "नाही सर. नाव बदलल्यावर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं जुनं नाव तिला नको होतं.

ती एका कॉलेजात तात्पुरती शिकवत होती. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची, पावसाळ्यात पुन्हा अर्ज. पीएच.डी. असती तर कायम झाली असती. तिच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी तिच्याआधी कायम झाली. मी चिडलो, समजावलं, एकदा तर बोलणंच सोडलं. शेवटी तिला गोसावी सरांकडं नेलं. ते कळवळून म्हणाले, "अगं बाई, नावात काय एवढं?"

"काहीच नसंल, तर बदलायला हरकत काय आहे सर?"



वर्षं गेली. नोंदणीची मुदत संपली, वाढवून घेतली. पुन्हा संपली. मोर्चे निघत राहिले. एका मोर्चातल्या धावपळीत तिची आई पडली, मनगट मोडलं आणि वाकडंच बसलं. माझे केस पांढरे झाले, सुमनच्याही कपाळावर पांढरी बट आली. प्रबंधातले संदर्भ जुने झाले म्हणून एक प्रकरण तिनं नव्यानं लिहिलं. मी विचारणंच सोडून दिलं. खरं सांगायचं तर थकलो होतो.

आणि एक दिवस झालं. नाव बदललं नाही पूर्ण, वाढलं. जुन्याच्या आधी नवं जोडलं गेलं. मला वाटलं, आता ही म्हणेल अर्धंच मिळालं, अजून थांबते. दुपारी दारात उभी. हातात प्रबंध. "सही करा, सर."

पदवीदान समारंभाला ती आईला घेऊन आली. म्हातारी नवं लुगडं नेसून, मांडवात खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली. सुमन स्टेजवरून खाली आली, कागद आईच्या मांडीवर ठेवला. म्हातारीला अक्षरओळख नव्हती. तिनं वाकडा हात कागदावरून फिरवला.

"नाव कुठं हाय?"

सुमननं मधल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ आई. सुमन..."

"तुजं न्हवं गं," म्हातारी म्हणाली. "तुजं म्याच ठिवलंय. ते काय बगायचं!"

सुमननं बोट वर सरकवलं.