हळदीच्या भुशाचे डॉक्टरसाहेब

"आधी पोतं दाखवा ताई, पाणी नंतर."

दारात फटफटी लावली की डॉक्टरसाहेबांचं पहिलं वाक्य हेच. मी तांब्या घेऊन उभी, आणि ते बाही वर सारून मक्याच्या पोत्यात थेट तळाशी हात घालायचे. मूठभर दाणे नाकाशी धरून डोळे मिटायचे. वास चांगला असला तर हसायचे, आणि मगच तांब्या घ्यायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना स्वतःच्या कामापुढं तहानसुद्धा सुचत नाही.

आमचा तांडा कळमनुरीच्या जवळ. शेतीला जोड म्हणून आम्ही नवरा-बायकोनं अंड्याच्या कोंबड्या पाळल्या, आणि हे जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर. त्यांचं घर औंढ्याचं, देवळाच्या सेवेतलं. आईवडील, धाकटा भाऊ तिकडं. हे कळमनुरीला खोली करून एकटेच राहायचे. लग्न केलं नव्हतं. अंडं कधी तोंडाला लावलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता. "जनावरांची सेवा कर, पण त्यांचं काही तोंडात घालू नको." दर सोमवारी घरी जायचे. मागच्या दारी अंघोळ, मग घरात पाय.

माझा नवरा त्यांना चिडवायचा, "डाक्टरसाब, चव म्हाईत न्हाई अन् अंड्याची इतकी काळजी काहून?"

"मला चव माहीत नसली तर काय झालं? खाणाऱ्याला तर माहीत आहे ना," असं म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे.

एका वर्षी ऐन काढणीत पाऊस लागून राहिला. मका ओलाच पोत्यात भरला गेला. थोड्या दिवसांनी कोंबड्या माना टाकू लागल्या. अंडी कमी झाली. रोज सकाळी शेडमध्ये दोन-तीन मेलेल्या सापडायच्या. मी रडत दवाखान्यात गेले. डॉक्टरसाहेब आले, मेलेली कोंबडी उघडून त्यांनी काळीज, म्हणजे लिव्हर, दाखवलं. पिवळं पडलेलं, बोटानं दाबलं की भुगा होणारं.

"दाण्याला बुरशी आली ताई. बुरशीचं विष आहे हे."

खराब मका फेकला, उरलेला उन्हात घातला. तरी थोडं विष दाण्यात राहतंच, असं ते म्हणाले. मग काही दिवसांनी फटफटीवर एक गोणी बांधून आले. गोणीत हळदीचा भुसा होता. आमच्या भागात हळद शिजवून, वाळवून ड्रममध्ये घोळतात. तेव्हा सालपटं झडतात, बारीक तुकडे पडतात. ते कुणी विचारत नाही. हळद काळजाला जपते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

पहिल्यांदा बेत फसला. भुसा जास्त झाला, कोंबड्या खाद्याला तोंड लावीनात. डॉक्टरसाहेब शेडमध्ये उकिडवे बसून त्यांना अजीजीनं म्हणत होते, "खा गं बायांनो, खा." मला त्या दुःखातही हसू आलं. पुढच्या वेळी भुशात रंग निघाला. हळद उठून दिसावी म्हणून कुणी तरी रंग मारला होता. ती गोणी त्यांनी स्वतः खड्ड्यात पुरली. मग शेतकऱ्यांच्या घरी फिरून बिनरंगाचा भुसा आणला, चाळला, मूठ-मूठ कमी करत प्रमाण बसवलं. हळूहळू मरणं थांबलं. कोंबड्यांचे तुरे पुन्हा लाल झाले.

मी हात जोडले तर म्हणाले, "हळद नुसती आड उभी राहते. घाण दाणा तो घाणच. मका वाळवायचा आळस करू नका." त्यानंतर गावोगाव हेच सांगत फिरले. लोक त्यांना हळद्या डॉक्टर म्हणायचे.

आणि मग बर्ड फ्लूची बातमी आली. रोग आमच्याकडं नव्हता, पार दूर होता. पण टीव्हीवर बघून लोकांनी धसका घेतला. अंडी कुणी घेईना. शेजारच्या गावात एकानं चांगली धडधाकट पाखरं पोत्यात भरून पुरली. माझा नवराही कुदळ घेऊन शेडमागं खड्डा खणू लागला. डॉक्टरसाहेबांनी येऊन त्याच्या हातातली कुदळ घेतली.

"बाजाराच्या दिवसापर्यंत थांबा," एवढंच बोलले.

बाजाराच्या दिवशी त्यांनी आमची अंडी चहावाल्याच्या भट्टीवर उकडायला लावली. लोक जमले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "नीट उकडलेल्या अंड्याला कशाची भीती नाही." गर्दीतून एकजण ओरडला, "लोकाले सांगता, तुमी खाता का?"

मी म्हणाले, "साहेब, राहू द्या. तुमचा शब्द हाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. अंडं सोललं आणि उभ्या उभ्या खाल्लं. सगळं. मग गर्दीतल्या एकानं घेतलं, दुसऱ्यानं घेतलं. खड्डा तसाच राहिला, कोंबड्या वाचल्या. गडबडीत डॉक्टरसाहेब दिसेनात म्हणून मी बघायला गेले, तर ते दुकानामागं भिंतीला हात टेकून ओकत होते.

ही गोष्ट त्यांच्याआधी औंढ्याला पोहोचली. भाऊ निरोप घेऊन आला, "बाबा म्हणाले, आता घरी येऊ नको." त्यानंतर सोमवारी त्यांची फटफटी दवाखान्यासमोरच दिसायची.

वर्षभरात त्यांचे वडील गेले. आम्ही दोघं डॉक्टरसाहेबांबरोबर गेलो. अग्नी धाकट्यानं दिला. मोठा मुलगा बायाबापड्यांच्याही मागं, रस्त्याच्या कडेला उभा होता. कुणी त्यांना हटकलं नाही, कुणी पुढं ये असंही म्हटलं नाही.

पुढं त्यांनी बदली मागून घेतली. जाताना निरोप घ्यायला आले, पण शेडमध्ये गेले नाहीत. दोन-तीन वर्षांनी कळलं की तिकडंच, कामावर असताना छातीत कळ आली आणि गेले.

मी त्यांच्या आईला भेटायला औंढ्याला गेले. म्हातारी ओसरीवर बसली होती. मी कोण ते सांगितलं. मग घरात कुणी ऐकत नाही ना ते बघून, माझा हात धरून हळूच म्हणाली, "तू होतीस ना गं तिथं, बाजारात? लहानपणी त्याला जरा वेगळं खाल्लं की पोटात ठरायचं नाही. त्या दिवशी तकलीफ तर नाही ना झाली लेकराला?"

"न्हाई माय," मी म्हणाले. "बराबर पचलं त्यायला."

म्हातारीनं मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला.