दोघी जावा आणि वाटेत गळालेला अधिक

आमच्या वरच्या मजल्यावर दोघी जावा राहायच्या, त्यातल्या थोरलीची ही गोष्ट. बाई कामाला वाघीण, पण पोटात सदा निखारा. निखारा कशाचा, तर धाकटीचा!

थोरली रक्तपेढीत कॉम्प्युटरवर होती. रक्त देणाऱ्यांचं नाव, फोन, रक्तगट जिथं भरतात ना, ते पान तिनं एकटीनं उभं केलेलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग दिराचं लग्न झालं, धाकटी घरात आली, आणि वर्ष सरायच्या आत त्याच रक्तपेढीत नोकरीलाही आली. आता घरी सासू म्हणणार, "धाकटीच्या हाताला काय उरक आहे गं!" आणि तिकडे मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणणार, "नवी मुलगी चटपटीत आहे हं." थोरलीनं जावं तरी कुठं?

धाकटीला दुसरं पान करायला दिलं, दवाखान्यांसाठी. कुठल्या गटाचा दाता कुठं मिळेल, ते त्यावर बघायचं. ही दोन पानं एकमेकांना जोडायची होती. म्हणजे थोरलीच्या पानावरचं बटण दाबलं की धाकटीचं पान उघडणार, आणि वरच्या पट्टीतल्या त्याच्या पत्त्याच्या शेपटाला प्रश्नचिन्ह लावून पुढं दात्याचा नंबर आणि रक्तगट चिकटवलेला असणार. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती निरोप धाडतो ना आपण, तसंच. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, हे जमलं की शहरातल्या सगळ्या रक्तपेढ्या जोडायच्या, आणि त्या कामाची मुख्य तुम्हा दोघींतली एक.

झालं! दोघींनी एका डब्यात जेवणं बंद केलं.

एका दुपारी थोरलीनं खोटाच एक दाता भरला, ओ पॉझिटिव्ह, म्हणजे ओ अधिक, आणि बटण दाबलं. पलीकडे दिसलं, ओ निगेटिव्ह. तिनं डोळे चोळले. ए पॉझिटिव्ह भरला, तोही निगेटिव्ह होऊन बसला. तिच्या मनात उकळ्याच फुटल्या. सापडली बया! हिच्या पानाला साधी अधिकची खूण वाचता येत नाही! सांगावं म्हणून ती उठलीसुद्धा. पण समोर बघते तर डॉक्टरीणबाई धाकटीच्या पाठीवर थाप मारून हसतायत. थोरली तशीच खाली बसली. पडू दे म्हणाली मनात, चारचौघांत पडू दे तोंडावर.

काम दाखवायचा दिवस आला. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "खोटी नावं कशाला? माझंच घाला. बी पॉझिटिव्ह."

थोरलीनं इतक्या प्रेमानं बटण दाबलं की काय सांगू!

"अगं बायांनो," डॉक्टरीणबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "माझा उभा जन्म रक्तात गेला, आणि आज माझंच रक्त फिरलं? निगेटिव्ह?"

"ते धाकटीच्या पानातलं आहे, बाई," थोरली पुढं सरसावली. "मला तर परवाच दिसलं..." आणि तिनं जीभ चावली.

"माझ्या पानातलं?" धाकटी उसळली. "अहो ताई, तुमच्याकडून अधिक येतच नाही! मी किती दिवस बघतेय..." आणि तिनंही जीभ चावली.



"म्हणजे दोघींना ठाऊक होतं," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या.

मग उघडून बघितलं. तर त्या पत्त्यात अधिकची खूण म्हणजे मोकळी जागा, असा तिथला रिवाज. खूण धड पोचवायची तर तिला टक्क्याची खूण, दोनचा आकडा आणि इंग्रजी बी असा वेश चढवून धाडावं लागतं. थोरलीनं तिला उघडीच धाडली होती. आणि धाकटीनं काय केलेलं? अधिक दिसला नाही की खुशाल उणे धरायचं!

"एकीनं सांडलं, दुसरीनं मनाचं भरलं," डॉक्टरीणबाई कडाडल्या. "रक्त चढवायच्या आधी आपण तपासतो, ते सोडा. पण भलत्यालाच धावत बोलावलं आणि तोवर पेशंट ताटकळला, तर? मुख्य मी बाहेरून आणते. तुम्ही दोघी एका टेबलावर बसा आणि हे निस्तरा."

घरी येताना दोघींची तोंडं दोन दिशांना. जिन्यात थोरलीला राहवलं नाही.

"तू का गं नाही बोललीस?"

"तुम्ही तोंडावर पडावं म्हणून." धाकटी फणकारली. "लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, थोरलीनं असं केलं, थोरलीला विचार, थोरलीसारखं हिला जमायचं नाही. तुमची पाठ वळली की आई दुसरं बोलतात काय?"

थोरलीचा पाय पायरीवरच थबकला. "माझं कौतुक? आई?"

"नाहीतर कुणाचं?"

"काय काय म्हणतात?"

"आता ते पण मीच सांगू?"

"सांग की," थोरलीनं पायरीवरच बसकण मारली आणि पर्स मांडीवर घेतली. "बस इथं. पहिल्यापासून सांग, आणि काही गाळू नकोस."