पंचवीस एमबीचं भजन

चार माणसं पेटी-ढोलक घेऊन बसली की किस्से मागावे लागत नाहीत, आपोआप साचत जातात. आमच्या सौंसरच्या भजन मंडळात तर एका ईमेलपायी एवढे साचले की आता चहाला बसलो की भजन राहतं बाजूला!

झालं असं, एका रेडिओ केंद्रानं गायकांकडून ईमेलवर रेकॉर्डिंग मागवलं. आमच्या गायिका विमलताई अंगणवाडीत मदतनीस. जन्मात एकदा रेडिओवर गायचं, एवढीच त्यांची हौस. पण ईमेलमध्ये पंचवीस एमबीच्या वर फाईल जाईना, अन् केंद्राला लिंक चालत नव्हती. मी पेटी वाजवतो. मोबाईलमधलं थोडंफार कळतं, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात.

*

"ताई, फाईल मोठी झाली. लहान करा लागते."

"मंग घाईघाईनं गातो न!"

अन् खरंच गायल्या! ढोलकवाले नामदेवराव घामाघूम. फाईल जराशी लहान झाली, पण ऐकताना वाटायचं, ताईंची नागपूरची बस सुटून राहिली आहे.

*

मग मी फाईल झिप केली. साईज जवळपास तेवढीच! नामदेवराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, त्यांना हे पटेचना.

"अबे, एवढाल्ला कापूस दाबला का गठाण होते. हे गाणं काऊन दबून नाही राहिलं?"

"दादा, मोबाईलनं ते आधीच दाबून ठेवलं आहे."

"आपल्याले न विचारता?"

*

एका ॲपनं मात्र फाईल एकदम चिमुकली केली. मी खुशीत सगळ्यांना ऐकवली.

ताई म्हणाल्या, "रांजणात तोंड घालून गाऊन राहिली का मी?"

नामदेवरावांचं दुःख वेगळंच. "माही ढोलक कुठी गेली? पेटी तं बराबर ऐकू येते! पेटीवाल्याच्या हातात मोबाईल देल्ला का असंच होते!"



*

पांढुर्ण्याच्या मोबाईलवाल्यानं सल्ला दिला, "मोनो करा. दोन कानांचं गाणं एका कानाचं होते, साईज अर्धी."

ताई घाबरल्या. "नको रे भाऊ! रेडिओवाले एका कानानं ऐकतीन न दुसऱ्यानं सोडून देतीन!"

*

शेवटी मोहगावच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग सापडलं. ताई त्या दिवशी अशा काही गायल्या होत्या की आजही अंगावर काटा येतो. पण आमच्याकडे कोणी बक्षीस दिलं की गाणं थांबवून त्याचं नाव पुकारावं लागतं. मी सगळी नावं काटत गेलो. एक उरलं.

ताईंचे यजमान लग्नापासून कधी भजनाला फिरकले नव्हते. त्या दिवशी कोण जाणे कसे, मागून उठले अन् पन्नासची नोट ठेवून गेले. नवऱ्याचं नाव ताईंनी कधी तोंडानं घेतलेलं नाही. अख्खा मांडव वाट पाहतोय, अन् रेकॉर्डिंगमध्ये ताईंचा अडखळता आवाज, "अन्... हे... ह्यांच्याकडून पन्नास रुपये!" त्यावर जो हशा पिकला, तो थांबता थांबेना.

फाईल अजून थोडी मोठीच होती. मी विचारलं, "ताई, हे काटू?"

"कडवं काट."

"अवो ताई, रेडिओवाले गाणं ऐकणार आहेत!"

"कडवं काट म्हटलं न!"

कडवं काटलं. फाईल गेली. मला वाटलं, ताईंनी हातचा रेडिओ घालवला. मला खरंच वाईट वाटलं.

पंधरवड्यानं केंद्रातून फोन आला तेव्हा मी ताईंच्याच घरी होतो. यजमान समोर संत्री सोलत बसलेले. ताईंनी स्पीकर लावला.

"ताई, आवाज आम्हाला पसंत आहे, पुढच्या आठवड्यात गायला या," पलीकडच्या मॅडम म्हणाल्या. मग जरा हसू दाबून, "आमच्या सगळ्या ऑफिसनं विचारलंय, ते 'हे' म्हणजे कोण हो?"

ताई लाजून लाल. त्यांनी फोन तसाच यजमानांपुढे धरला.

"घ्या. तुमचं नाव इचारून राहिले!"