मुलुंडच्या कपाटातले राजे

कुडाळची एस.टी. सकाळी कुर्ल्याला पोचली. तिथून बसने मी विक्रोळीला मावशीच्या चाळीत गेलो. संपानंतर काकांची गिरणी उघडलीच नाही. ते मूळचे सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या (लाकडी खेळणी घडवून रंगवणाऱ्यांच्या) घरातले, म्हणून पुन्हा लाकडाकडे वळलेले.

खिडकीत एक लाकडी राजा उभा होता. लाल कोट, पांढरी दाढी, पाठीमागची दांडी उचलली की जबडा उघडणारा. दातांत अक्रोड ठेवायचा आणि दांडी दाबायची, की कवच फुटते. मुलुंडच्या एका संग्राहकाने नमुना मागवला होता. पसंत पडला तर काकांना वर्षभर काम मिळणार होते.

काकांच्या घरची रीत अशी, की वस्तू स्वतःचे काम एकदा केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. भोवरा फिरतो, पोळपाटावर पोळी लाटली जाते, मगच विक्री. पण चाळीत अक्रोड कुठला? काकांनी राजाच्या तोंडात सुपारी दिली आणि दातच तुटला.

"दात पडलो," मावशी म्हणाली. "आता तो आमच्यातलो झालो."

काकांनी नवा दात बसवला, रंगवला आणि या वेळी भुईमुगाची शेंग फोडून पाहिली. दातावर बारीक ओरखडा राहिला.

दुपारी आम्ही बसने मुलुंडला निघालो. वाटेत कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, काही फाटकांना गंजलेली कुलुपे. मुलुंडला मात्र गुलमोहराची सावली आणि शांत गल्ल्या. स्टेशनबाहेर भजी-पाव खाऊन आम्ही त्या संग्राहक साहेबांच्या बंगल्यावर पोचलो.

काचेच्या कपाटात राजे, शिपाई, फौजदार ओळीने उभे होते. साहेबांनी कोकम सरबत दिले आणि इतिहास सांगितला. जर्मनीच्या डोंगरात खाणी ओस पडल्या, तेव्हा खाणकामगार लाकूड कोरू लागले. आयुष्यभर दरडावणाऱ्या राजे-शिपायांचीच रूपे त्यांनी कोरली आणि त्यांना कवच फोडायच्या कामाला लावले. महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी या बाहुल्या घरी नेल्या, आणि त्या जमवायचा छंद जगभर पसरला.

"खाण बंद पडली म्हणून?" काका म्हणाले. "मग ती आमचीच माणसं, साहेब."

साहेब हसले. मग राजा हातात घेऊन थबकले. "हा ओरखडा कसला? वापरलाय?"

"तपासलाय. शेंग फोडतो."

"अहो, फोडायला कोण घेतं? हे कपाटात ठेवायचे. जबडा सरसाने चिकटवून टाका, पुढचेही तसेच करा. काम तुम्हालाच देतो."

माझे डोके फिरले. "ज्यांनी राजाला राबवलं त्यांची गोष्ट आत्ता तुम्हीच सांगितलीत," मी म्हणालो, "आणि त्याच राजाला पेन्शन देताय?"

"गप रे. तुझं पत्रक घरी वाच," काकांनी मला दटावले; गावी मी पत्रके लिहितो, हे त्यांना ठाऊक होते. मग राजा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळत ते साहेबांना म्हणाले, "तोंड चिकटवलेला राजा माझ्या हातून व्हायचा नाही."

परतीच्या बसमध्ये त्यांनी राजा मांडीवर घेतला. वर्षाचे काम त्यांनी त्या बंगल्यात सोडले होते. घरी काकांनी थोडक्यात सांगितले. मावशीने एवढेच विचारले, "चिकटवूक सांगल्यान?" आणि चुलीकडे वळली.

मी अजून संतापलेला आहे. कष्टकऱ्याने केलेली थट्टासुद्धा श्रीमंताने काचेत कोंडावी, आणि ती जिवंत ठेवणाऱ्याच्या हातचे काम जावे, हा कुठला न्याय? निघताना काकांनी राजा माझ्या पिशवीत घातला. तो आता आपल्या कुडाळच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलावर आहे. येताना शेंगा आणा. दात तुटला तर मला सांगा, विक्रोळीला नेऊन बसवून आणीन.