काही न वाटण्याचं दुखणं

डॉ. नीलिमा भोईर नव्या पेशंटच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या चपलांकडे पाहायच्या. चपलेला सुताचे धागे चिकटलेले असले की विचारायच्या, "लूमपर कौनसी शिफ्ट है, दिन की या रात की?" वाळलेला चिखल असला की, "लावणी झाली का गो?" पेशंट दचकायचा आणि मग बोलायला लागायचा. भिवंडीत बायपासजवळच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी रेडिएशनचं मशीन चालवते. कॅन्सरच्या गाठीवर किरणं कुठे आणि किती द्यायची, हे मॅडम ठरवायच्या. पेशंटला टेबलावर झोपवून ती देणं माझं काम.

मॅडम जवळच्याच वडपे गावच्या. घरच्या शेतांवर आता गोदामं उभी आहेत, भाऊ ट्रान्सपोर्टमध्ये. डॉक्टर झालेल्या त्या एकट्याच, आणि शिकून परत इथेच आल्या. तोंडाच्या कॅन्सरला डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा बसवावा लागतो. गणेशपुरीकडच्या पाड्यावरची एक बाई तो पाहून टेबलावरून उतरलीच. मॅडमनी आधी स्वतःच्या चेहऱ्याचा मुखवटा करायला लावला, तो चढवला आणि म्हणाल्या, "बघ, मी बी भुतासारखी दिसते का न्हाय?" बाई हसली आणि परत झोपली. बाहेर रांग वाढलेली असायची. मी घड्याळाकडे पाहिलं की मॅडम म्हणायच्या, "मशीनला घाई असू दे. आपल्याला नको."

मग मॅडमबरोबरचे दुसरे डॉक्टर नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. ट्रस्टी म्हणायचे, बघतो. पेशंट वाढत गेले. जेवणाच्या सुट्टीत मॅडम कॉम्प्युटरवर गाठींच्या कडा आखत बसायच्या, डबा तसाच घरी जायचा. दिवसभर दारात कुणीतरी उभं असायचं आणि तेच विचारायचं, वाचेल ना?

त्या कधी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त एकेक गोष्ट बंद होत गेली. आधी चपलांकडे पाहणं बंद झालं, मग नावं. "घसा आला का? स्तन कुठे आहे?" असं विचारायला लागल्या. एका सकाळी एक लूम कामगार बायको गेल्याचं सांगायला आला. महिनाभर तो तिला रोज घेऊन यायचा. मॅडम त्याला म्हणाल्या, "बरं." आणि मला म्हणाल्या, "पुढचा पाठव."

मी त्याला बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं. ग्लास परत देताना तो म्हणाला, "मॅडम की तबीयत तो ठीक है ना?"

दुपारी मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऐकू सगळं येतं गं. पुढे काही होत नाही."

पावसाळा संपता संपता त्यांची जनाकाकी आली. मॅडमची आई लवकर गेली, या काकीनंच त्यांना वाढवलं होतं. वर्षानुवर्षं मशेरी लावून गालात आतून गाठ आली होती. मॅडमनी तपासलं, फाइलमध्ये लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "मुँह में छाले आएँगे. पानी ज्यादा पीना. तीखा बंद."

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नीलू, मी हाय गो. काकी."

मॅडम म्हणाल्या, "हो." आणि राहिलेलं मराठीत सांगितलं.

काकीला गाडीत बसवून त्या मशीनच्या खोलीत आल्या. "मला वाटलं, आता तरी रडू येईल."

"नाही आलं?"

"नाही."

काकीच्या गाठीची आखणी त्यांनी दुसऱ्या केंद्रातल्या डॉक्टरकडून तपासून घेतली. कुठे केसभर चूक नव्हती. "हात बरोबर चालतात," मॅडम म्हणाल्या, "म्हणून तर कुणाला कळणार नाही." त्या ट्रस्टींकडे गेल्या आणि सरळ म्हणाल्या, मला काही वाटेनासं झालंय, मला थांबवा. ट्रस्टी म्हणाले, "चार दिवस गणेशपुरीला जा. गरम पाण्याच्या कुंडात बसा, बरं वाटेल." मॅडमनी राजीनामा टेबलावर ठेवला. काकीची ट्रीटमेंट संपेपर्यंत आणि नवे डॉक्टर रुजू होईपर्यंत त्या येत राहिल्या. शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ नको म्हणाल्या.

थंडीत मी वडप्याला गेले. मॅडम ओटीवर बसल्या होत्या. ठाण्याच्या एका मानसोपचार डॉक्टरकडे जातात, गोळ्या चालू आहेत, असं त्यांनीच सांगितलं. काकीची गाठ विरली होती. आवाज घोगरा झाला होता, पण मऊ भात खात होती. "तिला काय विचारू नको," काकी मला आत म्हणाली. "ती बसते, मी बी बसते तिच्याजवळ."

तरी निघताना मी विचारलंच, "परत याल ना, मॅडम?"

 समोरच्या रस्त्यावरून गोदामाकडे कंटेनर जात होते.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण आज सकाळी भात गिळताना काकी कळवळली, तर मी उठले. उठल्यावर कळलं, मी उठलेय."

मी ओटीवरून उतरून चपला घातल्या.

"एवढंच झालंय अजून," मॅडम म्हणाल्या.