पुठ्ठ्याखालचं मुखपृष्ठ

बाईंडरबाई तशा कशालाही भिणाऱ्या नव्हत्या. चौतीस वर्षं त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकं बांधली होती. कागद कापायच्या यंत्राचं हातभर पातं शेजारी लटकत असायचं आणि त्या त्याच टेबलावर डबा खायच्या. पाल, झुरळ, नवीन आलेला साहेब, कशाचंच त्यांना काही वाटत नसे. पण निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी, स्वतःच्याच हातांनी बांधलेला एक जाडजूड खंड समोर ठेवून त्या बसल्या होत्या आणि तो त्यांना उघडवत नव्हता. हात पुढे जाई, पुठ्ठ्याला बोट लागे आणि हात परत मांडीवर येऊन पडे. त्यांनी देवाचं नाव घेतलं. मग लक्षात आलं, की त्याच्याकडे नेमकं काय मागायचं तेच ठरलेलं नाही. आत काही सापडू दे म्हणायचं, की सापडू देऊ नको?

खंड होता ‘टोचणी’ या जुन्या साप्ताहिकाचा. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी दर शनिवारी ते निघायचं आणि शहरातल्या बड्या-छोट्या सगळ्यांची रेवडी उडवायचं. खरं नाव छापलं तर कोर्टाची पायरी चढावी लागेल, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. नगराध्यक्ष म्हणजे ‘भोपळेसाहेब’. थिएटरचा मालक म्हणजे ‘मखमलराव’. आणि त्या थिएटरच्या दारावर तिकिटं फाडणारा दारवान म्हणजे ‘कडीवाले’.

हे कडीवाले बाईंडरबाईंचे आजोबा.

एका दुपारच्या खेळाला थिएटरला आग लागली आणि आत अकरा माणसं दगावली, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबा त्या दिवशी दारावर होते, हेही ठाऊक होतं. पुढचं कुणी बोलत नसे. ताटात केस निघावा तसा तो विषय बाजूला काढून ठेवला जाई.

तो विषय परत ताटात वाढला आत्याने. आत्या म्हणजे आजोबांची मुलगी, वय वर्षं नव्वद, बाईंडरबाईंच्याच घरी खिडकीजवळच्या खाटेवर. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला तेव्हापासून तिचं जग म्हणजे ती खिडकी, प्रार्थनेचं पुस्तक आणि भाचीला धारेवर धरणं. महिन्यापूर्वी एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती एकदम म्हणाली,

“पोरी, ‘टोचणी’ आहे ना गं तुमच्या वाचनालयात?”

“आहे की. मीच बांधलीय.”

“मग माझ्या बापाबद्दल त्यात काय लिहिलं होतं, ते मला आणून वाचून दाखव.”

“आता कशाला ते उकरायचं, आत्या?”

“आता नाही तर काय माझ्या तेराव्याला उकरू?” आत्या म्हणाली आणि कप खाली ठेवला. मग तिने जे सांगितलं ते बाईंडरबाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं.

आग लागली तेव्हा आत्या आठ वर्षांची होती. त्यानंतर पाचेक महिन्यांनी शेजारची बाई ‘टोचणी’चं एक सुटं पान घेऊन आली. “बघा तुमच्या घरधन्याचे पराक्रम,” म्हणाली. आईने ते पान उंबऱ्यातच उभ्याने वाचलं, चुलीत घातलं आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं. वडिलांना वाचता येत नव्हतं. थिएटरचं काम सुटल्यावर ते घरीच छत्र्या दुरुस्त करायचे आणि आईने तोंड का फिरवलं, हे विचारायचीही त्यांची छाती झाली नाही. चौदा महिन्यांनी ते गेले.

“आणि मी,” आत्या म्हणाली, “मी आईची शेपटी. त्यांनी हाक मारली की आत पळायची. ‘इकडे ये गं, तारा धर जरा,’ म्हणायचे, छत्रीच्या तारा. मी पळायची. चौदा महिने पळाले. आता लवकरच त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचंय. कुठल्या तोंडाने उभी राहू, ते मला आधी कळायला नको?”

बाईंडरबाई ‘बघते’ म्हणाल्या आणि महिनाभर बघितलं नाही. आत्या रोज सकाळी विचारायची, “आज जाणार?” मग एकदा म्हणाली, “तू वाचनालयात गेल्याशिवाय मी मरायची नाही हो, चैन पडेल का तुला?” तेव्हा कुठे त्या मंगळवारी गेल्या.

शेवटी खंड उघडला तो डोळे मिटूनच. आग लागली त्या महिन्यापासून एकेक अंक चाळत निघाल्या. पहिल्या आठवड्यांत कडीवाल्यांचं नावसुद्धा नव्हतं. दर अंकात एकच टुमणं: थिएटरला पाच दारं, त्यातली चार त्या दिवशी कुलपात कशी? मखमलराव, उत्तर द्या! बाईंडरबाई जरा सावरून बसल्या. आणि मग डिसेंबरच्या शेवटच्या अंकात, चौथ्या पानावर, डाव्या रकान्यात त्यांना ते सापडलं.

‘कडीवाले हा भित्रा माणूस. आग लागली हे कळताच रस्त्यावर सर्वांत आधी आला तो हाच. एकाही बाईचा, एकाही पोराचा हात त्याने धरला नाही. आत लोक दार ठोकत होते आणि हा पाठ फिरवून घरच्या वाटेला लागला होता. त्या दारातून एकही जीव बाहेर आला नाही, तो याच्यामुळे.’

बाईंडरबाईंनी खंड मिटला, कपाटात ठेवला, ग्रंथपालबाईंना ‘येते’ म्हणाल्या की नाही तेही त्यांना आठवत नव्हतं. रस्त्यात प्रत्येक दुकानाचं दार दिसलं की त्या नजर वळवत. घरी आल्या तर आत्या खिडकीतून वाटच बघत होती.

“सापडलं?”

“नाही गं. ते पान निघालेलं आहे.”

आत्याने त्यांच्या हातांकडे बघितलं. “चौतीस वर्षं सुई धरलेले हात आहेत तुझे. थरथरले नाहीत कधी.” आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “खोटं बोलायला तुझ्या बापालाही जमत नव्हतं.”

तो आठवडा बाईंडरबाईंनी कसा काढला, देवालाच माहीत. आत्या जेवणाला नाही म्हणाली की वाटे, झालं, कळलं हिला. आत्या गप्प पडली की त्या दारातून श्वास चालू आहे का बघून येत. प्रार्थनेला बसल्या की शब्द विसरत, पन्नास वर्षांचे पाठ शब्द. खरं सांगितलं तर ही म्हातारी त्या अकरा जिवांचं ओझं घेऊन जाणार. नाही सांगितलं तर वाट बघत जाणार. दोन्हीकडून जबाबदार आपणच. आजोबांच्या वाट्याचं पाप देव नातीकडून तर वसूल करत नसेल ना, असंही एकदा मनात आलं आणि तसं मनात आलं म्हणून आणखी भीती वाटली.

पुढच्या सोमवारी आत्याने दूधसुद्धा परत केलं. तेव्हा बाईंडरबाई उठल्या आणि परत वाचनालयात गेल्या. निदान तो मजकूर उतरवून आणावा आणि त्यातलं सोसेल तेवढंच वाचून दाखवावं, असा बेत होता.

उतरवताना पेन्सिल मोडली. टोक काढता काढता त्यांची नजर शेजारच्या रकान्यावर गेली. तिथे लिहिलं होतं, ‘नळाला चोवीस तास पाणी आहे, भोपळेसाहेबांचे आभार.’ त्यांनी भुवया वर केल्या. पान उलटलं. ‘आपले रस्ते आरशासारखे गुळगुळीत.’ खाली संपादकाने स्वतःबद्दल लिहिलं होतं, की आम्ही आजवर कुणाला वावगा शब्द बोललो नाही. आणि पहिल्याच पानावर, ठळक चौकटीत: ‘मखमलराव हे दयेचे सागर. त्यांनी त्या दिवशी पाचही दारं सताड उघडी ठेवली होती.’

पाच महिने ज्याची सालटी काढली, तो एका आठवड्यात दयेचा सागर?

त्या खंड उचलून ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी गेल्या. ग्रंथपालबाई वयाने लहान, पण चष्म्यावरून बघायची सवय मोठ्यांसारखी.

“बाई, हा अंक मला बरोबर वाटत नाही. हे लोक असं गोडगोड कधी लिहितात?”

ग्रंथपालबाईंनी चाळून पाहिलं. “मुखपृष्ठ कुठाय याचं? कशाचा खास अंक आहे ते त्यावरच लिहिलेलं असतं.” मग मागची-पुढची पानं उलटली. “एकाही अंकाला मुखपृष्ठ नाही! कुठल्या शहाण्याने फाडून ठेवलीत ही?”

“मीच,” बाईंडरबाई म्हणाल्या.

तेव्हाची पद्धतच तशी होती. मुखपृष्ठावर साबणाच्या आणि दंतमंजनाच्या जाहिराती, कागद जाड, खंड फुगतो. म्हणून बांधणीआधी मुखपृष्ठं काढून टाकायची. वरिष्ठांचा तोंडी हुकूम, आणि हाताला वळण पडलेलं. बाईंडरबाईंनी आयुष्यात शेकडो मुखपृष्ठं फाडली होती, एकही वाचलं नव्हतं.

“मग गेली ती रद्दीत,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“सगळी नाही.” बाईंडरबाईंनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. “जाड कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून पुठ्ठ्याच्या आतून अस्तराला लावायचे मी. त्याच खंडाची त्याच खंडाला.”

“किती?”

“पाठीला एक, पुठ्ठ्यांना दोन-दोन. वरून कोरा कागद.”

बावन्न अंक आणि पाच मुखपृष्ठं. ग्रंथपालबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. वाचनालयाचा खंड असा उसवायला लेखी परवानगी लागते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, खंडाकडे पाहिलं. “तुम्हीच बांधलाय, तुम्हीच उघडा,” म्हणाल्या. “दुरुस्तीला काढला असं मी लिहिते. परत बांधून द्यायचा मात्र.”

मागच्या खोलीत टेबल तेच होतं. बाईंडरबाईंनी कोमट पाण्यात फडकं पिळून पुठ्ठ्यावर पसरलं आणि खळ मऊ पडायची वाट बघत उभ्या राहिल्या. जास्त ओलं झालं तर शाई जाईल, कमी झालं तर कागद फाटेल. एकदाच करता येण्याजोगं काम. कागद सोडवायची हाडाची पट्टी त्यांनी तसूतसूने आत सरकवली.

पहिलं निघालं ते साबणाचं. दुसरं मार्च महिन्याचं. पाठीतलं काढताना त्याचे दोन तुकडे झाले आणि ते कुठल्या महिन्याचं, तेही कळलं नाही. मागच्या पुठ्ठ्याचं पहिलं, ऑक्टोबर. आता एकच राहिलं होतं. बाईंडरबाईंनी फडकं परत भिजवलं. “देवा,” त्या म्हणाल्या, “मी फाडलंय खरं. पण तू ठेवलं असशील तर दाखव.”

शेवटच्या कागदाचा खालचा अर्धा भाग त्यांनीच कधीकाळी मापात कापून टाकला होता. वरचा अर्धा अलगद सुटून हातात आला. चित्रातली सगळी माणसं डोक्यावर उभी होती. डिसेंबरची तारीख होती. आणि चित्राखाली लिहिलं होतं:

‘वर्षाचा शेवटचा अंक, नेहमीप्रमाणे उलटा! आत आम्ही ज्याला हार घातलाय त्याने तोंड लपवावं. आत ज्याला जोडे मारलेत त्याला आमचा वाकून नमस्कार.’

बाईंडरबाईंनी तो कागद ग्रंथपालबाईंसमोर धरला. शेजारणीने आजीला आणून दिलं होतं एकच सुटं पान. आपणही आठवडाभर तेवढंच वाचून घाबरलो होतो.

पण घरी जाताना भीती परत आली, वेगळ्या वाटेने. आजोबा शेवटपर्यंत दारात उभे होते. त्यांनी बायकापोरांना हात धरून बाहेर काढलं होतं. हे सांगायचं म्हणजे आत्याला हेही सांगायचं, की तू चौदा महिने उगीच पळालीस. नव्वदाव्या वर्षी हे कुणाला पचेल? जिना चढताना दोनदा थांबल्या. खोटं एकदा बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा बोलायची ताकद नव्हती.

आत्याच्या खाटेवर त्यांनी उतरवलेलं पान ठेवलं आणि ग्रंथपालबाईंनी काढून दिलेली मुखपृष्ठाची झेरॉक्स ठेवली. आधी मुखपृष्ठ वाचलं, मग पान, मग परत मुखपृष्ठ. वाचताना वर बघायचं धाडस झालं नाही.

खिडकीबाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“म्हणजे मी उगीच पळत होते,” आत्या म्हणाली.

“आत्या, तू आठ वर्षांची होतीस.”

“हो. पण पाय माझेच होते ना.” तिने तोंडावरून हात फिरवला. “आईला कळलं नाही ते एक बरं झालं. की वाईट झालं गं?”

बाईंडरबाईंनी तिचा हात धरला.

“त्यांना कुणी सांगितलं असेल का? की ‘टोचणी’ने तुम्हाला नमस्कार केलाय म्हणून?”

“घरात वाचणारी एकटी आजीच. बाहेरचं कुणी सांगितलं असेल तर देव जाणे.”

“म्हणजे त्यांना बहुतेक ठाऊकच नाही.” आत्याने उशीवर जरा वर सरकायला मदत मागितली. भीती तिच्या डोळ्यांतही होती, बाईंडरबाईंना ती स्पष्ट दिसली. पण तोंड आता भिंतीकडे नव्हतं. “तो वाकून नमस्काराचा भाग पुन्हा वाच. सावकाश वाच. जाऊन सांगायचंय मला, पाठ व्हायला हवं.”